नाव, ठिकाण आणि रुजुवात : पत्राच्या खरेपणाचा इतिहास



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम वंदन करतो. आजच्या विषयाचे तांत्रिक नाव रुक्ष आहे : ई-मेलच्या सर्व्हरवर होणारी ‘रिव्हर्स डीएनएस’ची तपासणी आणि तीत उद्भवणारे दोष. असा विषय इतिहासाच्या व्याख्यानात कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु या तपासणीच्या मुळाशी असलेला प्रश्न संगणकाहून कितीतरी जुना आहे. हातात आलेले पत्र ज्याच्या नावाने आले आहे, त्याच्याचकडून आले आहे काय? आणि ज्याचे नाव कोणत्याही दप्तरात लागलेले नाही, त्याचे पत्र खरे असले तरी स्वीकारायचे की नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी फार काळजीपूर्वक शोधले होते. दुसऱ्याचे उत्तर अजून पुरते सापडलेले नाही. डहीसारख्या आडबाजूच्या गावाचे हित या दुसऱ्या प्रश्नात गुंतलेले आहे, म्हणून तो येथे मांडावासा वाटला.

माळव्यातील जुनी साधने

धारच्या परमारांपासून आरंभ करू. राजा भोजाचा विक्रम संवत १०७६ चा, म्हणजे इसवी सन १०२० चा, एक दानाचा ताम्रपट इंदूर-धार मार्गावरील बेटमा येथे सापडला. अशा ताम्रपटांवर राजचिन्ह म्हणून गरुडाची आकृती असते आणि मजकुराच्या शेवटी हा राजाचा स्वहस्त आहे असा निर्देश असतो. परंतु चिन्ह आणि स्वहस्त एवढ्यावर हा दस्तऐवज थांबत नाही. त्यात गावातील अधिकारी, रहिवासी आणि ‘पट्टकिल’ यांना उद्देशून दानाची माहिती दिलेली असते. आपला ‘पाटील’ हा शब्द या पट्टकिलातूनच आला, असे मानले जाते. दान घेणारा ताम्रपट दाखवील, त्यावर राजाचे नाव असेल. पण त्या नावाला त्या ठिकाणच्या लोकांनीही ओळख दिली पाहिजे, अशी ही योजना होती.

मराठी राज्यात याच योजनेला कागदाचे रूप आले. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब. मोर्तब झाल्यावर खाली एक ओळही वाढवता येत नसे. याशिवाय निरनिराळ्या खात्यांच्या खुणा असत. शिवकालीन कागदांवर ‘रुजू सुरनिवीस’ अशी नोंद आढळते. पुढच्या काळात ‘सुरू सूद’, ‘बार’ असे शेरे दिसतात. या खुणांचा अर्थ इतकाच की हा कागद दप्तरातून गेला आहे आणि त्याची नोंद झाली आहे. पत्र मिळाल्यावर ते केव्हा पोहोचले याची टीपही कागदावर होत असे. शंका आल्यास दप्तर काढून नक्कल मूळ नोंदीशी ताडून पाहत. या ताडून पाहण्याला मराठीत नेमका शब्द आहे : रुजुवात. आजच्या व्याख्यानाचा सारा आशय या एका शब्दात आहे.

रुजुवात नसेल तर काय घडते, याचे मराठ्यांच्या इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे सदाशिवरावभाऊंचा तोतया. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे पडले, त्यांत धारचे यशवंतराव पवारही होते. भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी मात्र अनेकांच्या मनात संशय राहिला. त्याचा लाभ घेऊन एक मनुष्य त्यांच्या नावाने वावरू लागला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने १७७६ मध्ये कोकणात मोठे बंड उभारले, आणि जाणती माणसेही त्याला सामील झाली. अखेर तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. स्वतःचे नाव स्वतःच सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबणे किती महाग पडते, हे त्या वर्षी पुणे दरबाराने अनुभवले.

याच्या उलट अडचण देवासची होती. तेथे पवारांच्या दोन पाती, थोरली आणि धाकटी, एकाच नगरात नांदत होत्या. दोन राज्ये, दोन महाराज आणि गाव एकच. नुसते ‘देवास दरबार’ एवढेच लिहिलेल्या पत्रावरून ते कोणत्या दरबाराचे, हे उमगणार नव्हते. नाव आणि ठिकाण यांची जोडी एकास एक असली पाहिजे, हे देवासच्या कारकुनास कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

धार संस्थानाने १८९७ मध्ये स्वतःची टपाल तिकिटे काढली. छापखान्याच्या खिळ्यांनी जुळवलेली ही साधी देवनागरी तिकिटे होती. तशी तिकिटे दुसरा कोणीही छापू शकला असता, म्हणून त्यांवर काळ्या शाईने लंबगोल शिक्का हाताने उमटवीत. छापील नाव हा दावा, आणि शिक्का ही कचेरीची साक्ष. १९०१ मध्ये संस्थानचे टपाल बंद होऊन ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालात विलीन झाले आणि ती तिकिटे संग्राहकांच्या वहीत गेली. दावा एकाचा आणि साक्ष दुसऱ्याची, हे तत्त्व मात्र टिकून राहिले.

क्रमांकाला नाव, नावाला क्रमांक

आता संगणकांच्या जाळ्याकडे वळू. या जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो; त्याला आयपी क्रमांक म्हणतात. जुन्या पद्धतीत तो चार भागांचा असतो, आणि प्रत्येक भाग ० ते २५५ यांच्या दरम्यानची एक संख्या असते. यंत्रांना क्रमांक पुरतो, माणसांना मात्र नाव लागते. अमेरिकेत अर्पानेट हे जाळे लहान होते तेव्हा सर्व नावांची आणि क्रमांकांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधनसंस्थेत ठेवली जात असे. एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील कचेरी ती सांभाळी आणि साऱ्या जाळ्यातील लोक ती उतरवून घेत. एका दप्तरात साऱ्या मुलखाची नोंद, असा तो प्रकार होता.

जाळे वाढले तशी ही यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, ही योजना मांडली. १९८७ मध्ये तिचे सुधारित नियम प्रसिद्ध झाले. एक दप्तर मोडून त्याची परगणेवार वाटणी करावी, तसे हे झाले. प्रत्येक शाखेने आपापल्या नावांची नोंद आपणच ठेवायची आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यायचे.

नावावरून क्रमांक सांगणे ही सरळ नोंद झाली. परंतु दारात आलेल्या पाहुण्याचा फक्त क्रमांक दिसतो. त्या क्रमांकावरून नाव शोधायचे तर उलट नोंद हवी. या नोंदीला पीटीआर असे म्हणतात. येथे एक मौजेची अडचण आली. आपण पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे : डही, जिल्हा धार, मध्य प्रदेश. जाळ्यातील नावेही अशीच, शेवटचा भाग सर्वांत मोठा. क्रमांक मात्र दूरध्वनीच्या आकड्यांप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे जातो. आधी प्रदेश, मग घर. म्हणून क्रमांक नावांच्या वृक्षात बसवायचा तर तो उलटा लिहावा लागतो. २०३.०.११३.२५ हा केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेला क्रमांक घेतला, तर त्याची उलट नोंद २५.११३.०.२०३ अशा क्रमाने ‘इन-अ‍ॅडर डॉट आर्पा’ या शाखेखाली शोधावी लागते.

या रचनेतली कळीची गोष्ट अशी की सरळ नोंद नावाच्या मालकाकडे असते, उलट नोंद क्रमांकाच्या मालकाकडे. ही दोन दप्तरे भिन्न आहेत. शाळेने आपले नाव विकत घेतले म्हणून शाळेच्या क्रमांकाच्या दप्तरात ते आपोआप लागत नाही. तपासणीचे सामर्थ्य या वेगळेपणात आहे, आणि बहुतेक दोषांचे मूळही तेथेच आहे.

मुभेपासून सक्तीपर्यंत

ई-मेल पोचवण्याचा नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिला. त्यात पत्र आणणारा सर्व्हर आरंभी आपले नाव सांगतो. ते नाव खरे आहे काय, याची पडताळणी करण्याची काही सोय त्यात नव्हती. जाळे विद्यापीठांचे आणि संशोधकांचे होते. एकमेकांची ओळख होती. १९७८ मध्येच एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने जवळजवळ ४०० लोकांना न मागितलेली जाहिरात धाडली होती. तिच्यावर तक्रारी झाल्या आणि तो प्रकार तेवढ्यावर थांबला.

ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांच्या संपादनाखाली जाळ्यावरील यंत्रांसाठी नियमावली निघाली. तिच्यात असे ठरले की येणाऱ्या सर्व्हरने सांगितलेले नाव पडताळून पाहण्यास हरकत नाही. परंतु पडताळणी फसली तरी केवळ तेवढ्यासाठी पत्र नाकारू नये. पत्र पोचणे हे मुख्य, तपासणी दुय्यम, अशी त्या काळची धारणा होती.

पुढच्याच वर्षी या विश्वासाला तडा गेला. त्या काळी एका यंत्रावरून दुसऱ्यावर परवलीच्या शब्दाविना प्रवेश देण्याची पद्धत होती. येणाऱ्याचा क्रमांक पाहायचा, उलट नोंदीवरून त्याचे नाव काढायचे, आणि ते विश्वासू नावांच्या यादीत असले तर दार उघडायचे. बेल प्रयोगशाळेतील स्टीव्हन बेलोव्हिन यांनी १९९० मध्ये दाखवले की हे दार कोणालाही उघडता येईल. उलट नोंद क्रमांकाच्या मालकाच्या हातात असते. मग त्याने आपल्या क्रमांकापुढे आपले खरे नाव न लिहिता तुमच्या विश्वासू मित्राचे नाव लिहिले, तर अडवणार कोण? तोतयाने स्वतःच्या दप्तरात स्वतःला ‘भाऊसाहेब’ म्हणून नोंदवून घ्यावे, तसाच हा प्रकार. धोका इतका गंभीर होता की बेलोव्हिन यांनी तो निबंध १९९५ पर्यंत प्रसिद्ध केला नाही.

यावरचा उपाय म्हणजे रुजुवात. क्रमांकावरून नाव काढायचे, आणि मग त्या नावाच्या मालकाच्या दप्तरात जाऊन त्या नावाचा क्रमांक विचारायचा. दोन्ही जुळले तरच नाव मान्य. नेदरलँड्समधील विट्सा व्हेनेमा यांनी आपल्या संरक्षक प्रणालीत ही दुहेरी तपासणी बसवली आणि १९९२ मध्ये तिच्याविषयी निबंध लिहिला. त्यांनीच पुढे १९९८ मध्ये पोस्टफिक्स हा डाकसर्व्हर लोकांसमोर आणला. हीच तपासणी हवी तर त्यातही लावता येते.

दरम्यान जाळे सर्वांसाठी खुले झाले आणि जाहिरातींचा व फसव्या पत्रांचा पूर आला. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांनी त्रासदायक क्रमांकांची काळी यादी चालवण्यास आरंभ केला. १९९६ च्या फेब्रुवारीत डेव्हिड बार यांनी डीएनएसमधील नेहमीच्या चुकांवर एक टिपण प्रसिद्ध केले होते. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला नाव असावे आणि सरळ-उलट नोंदी जुळाव्यात, असा सल्ला त्यात होता. पाहता पाहता सल्ल्याचा संकेत झाला आणि संकेताची सक्ती झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने घोषित केले की फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या सरळ आणि उलट नोंदी वैध असल्या पाहिजेत. १९८९ मध्ये ‘पत्र नाकारू नये’ असे म्हणणारे जग ३५ वर्षांत ‘नोंद नसेल तर येऊ नये’ या टोकाला पोहोचले.

भारतातील दप्तरे

भारतात या जाळ्याची पायाभरणी १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने केली. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी यांचा त्यात सहभाग होता. मुंबईच्या केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमाणी हे या कामातील अग्रणी. १९८९ मध्ये भारतासाठी ‘डॉट इन’ हे नाव मिळाले, तेव्हा त्याची नोंदवही जुहूच्या याच केंद्राकडे आली. देशातील नावांचे पहिले दप्तर अशा रीतीने मुंबईत होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली. जानेवारी २००५ पासून नावांची नोंद निक्सी या संस्थेकडे गेली. क्रमांकांचे दप्तर मात्र वेगळे होते. ते आशिया-प्रशांत प्रदेशाच्या एपनिक या संस्थेकडे होते. क्रमांक वाटण्यासाठी देशांतर्गत नोंदणीची व्यवस्था २०१२ मध्ये उभी राहिली.

लहान संस्थेची अडचण या रचनेत दडलेली आहे. उलट नोंदींची वाटणी मुळात २५६ क्रमांकांच्या गटांनी होत असे. ज्याच्याकडे चार किंवा आठच क्रमांक आहेत, त्याला आपले उलट दप्तर मिळत नसे. ते जोडणी देणाऱ्या कंपनीच्या हाती राही. मार्च १९९८ मध्ये त्याहून लहान गटांचे दप्तरही सुपूर्द करण्याची एक युक्ती नियमांत आली. परंतु ती वापरायची की नाही, हे कंपनीने ठरवायचे. त्यात १५ एप्रिल २०११ रोजी एपनिककडील जुन्या क्रमांकांचा साठा राखीव अखेरच्या भागापर्यंत संपला. मोठ्या शहरांतील संस्थांनी आधीच भरपूर क्रमांक घेऊन ठेवले होते. खेड्यांपर्यंत जाळे पोचू लागले तेव्हा वाटायला क्रमांकच उरले नव्हते; एकाच क्रमांकाआड अनेक घरे बसवावी लागली. उशिरा आलेल्याला जागा मिळाली ती दुसऱ्याच्या नावाने लागलेली.

दोष कसा शोधावा

आता एखाद्या शाळेचे किंवा पंचायतीचे पत्र परत आले, तर काय करावे? ही शोधाशोध दप्तरातील जुन्या कारकुनाच्या शिस्तीनेच करावी लागते.

प्रथम परत आलेल्या पत्रावरील शेरा वाचावा. त्यात तीन अंकी संख्या असते. ती ४ ने सुरू होत असेल, तर अर्थ ‘पुन्हा या’. पाठवणारा सर्व्हर आपण होऊन काही दिवस प्रयत्न करीत राहतो. ५ ने सुरू होत असेल, तर दार बंद झाले. पहिल्यात तात्पुरती अडचण, दुसऱ्यात पक्का नकार, हा भेद ओळखला की अर्धी धावपळ वाचते.

दुसरे असे की पत्र खरोखर कोणत्या क्रमांकावरून बाहेर पडले ते पाहावे. शाळेच्या खोलीत यंत्राचा क्रमांक एक असतो, आणि वेशीबाहेर पडताना तो दुसराच होतो. समोरच्याला वेशीबाहेरचा क्रमांक दिसतो. पुष्कळदा लोक आतल्या क्रमांकाची नोंद दुरुस्त करीत बसतात. आजच्या काळात आणखी एक फसगत होते : यंत्राला जुन्या पद्धतीचा आणि नव्या, लांब पद्धतीचा, असे दोन क्रमांक असतात. जुन्याची नोंद चोख असते आणि पत्र जाते नव्यावरून, ज्याची उलट नोंद कोणी केलेलीच नसते.

तिसरे, त्या क्रमांकाची उलट नोंद विचारावी. येथे दोन प्रकारची उत्तरे निराळी मानली पाहिजेत. ‘अशी नोंद नाही’ हे एक उत्तर, आणि ‘दप्तर उघडत नाही’ हे दुसरे. पहिल्यात नोंद करून घ्यावी लागते. दुसऱ्यात नोंद असूनही वाटेत कोठे तरी सर्व्हर बंद आहे किंवा दप्तराची सुपूर्दगी चुकली आहे. पत्र स्वीकारणाऱ्यानेही हा भेद पाळला पाहिजे. दप्तर बंद असण्याचा दोष पाहुण्याच्या माथी मारणे हा अन्याय होय. पोस्टफिक्सने या तपासणीतील नकार मुळातच ४५० या ‘पुन्हा या’ प्रकारचा ठेवला आहे. सर्व्हर चालवणारे पुष्कळ जण तो बदलून कायमचा करतात.

चौथे, मिळालेल्या नावाची सरळ नोंद पाहावी, म्हणजे रुजुवात. नाव सापडते पण ते त्या क्रमांकाकडे परत येत नाही, हा फार आढळणारा दोष. शाळेने जोडणी बदलली, नवा क्रमांक आला, नावाची नोंद मात्र जुन्याच क्रमांकावर राहिली, की असे घडते. एका क्रमांकाला अनेक नावे लावून ठेवल्यास देवासच्या दोन पातींसारखा गोंधळ होतो; एकच नाव ठेवावे हे बरे.

पाचवे, सर्व्हर दारात उभा राहून स्वतःचे जे नाव सांगतो, ते या नोंदीशी जुळते का ते पाहावे. पुष्कळ यंत्रे विकत घेतल्या दिवशीचे नावच सांगत राहतात.

सहावे, आणि सर्वांत महत्त्वाचे : नोंद कोणी करायची? नाव आपले असले तरी उलट नोंद क्रमांक देणाऱ्या कंपनीनेच करायची असते. म्हणून विनंती तिच्याकडे, क्रमांक आणि नाव स्पष्ट लिहून, धाडावी. आधी सरळ नोंद करावी आणि मग उलट नोंद मागावी. नोंद झाल्यावर लगेच तपासून निराश होऊ नये. जुने उत्तर वाटेतल्या सर्व्हरांनी ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवलेले असते. ती मुदत बहुधा सेकंदांत लिहितात. ८६४०० म्हणजे एक दिवस.

येथे एक गोष्ट विसरू नये. या रुजुवातीने क्रमांक आणि नाव यांची जोडी सिद्ध होते. पत्रातील मजकूर खरा आहे किंवा पाठवणारा सज्जन आहे, हे तिने सिद्ध होत नाही. खरा शिक्का असलेल्या कागदावरही खोटे लिहिता येते.

नोंद नसलेल्यांचा प्रश्न

सुरुवातीला मांडलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता येतो. मुंबई इलाख्यात १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामदारांकडून कागद मागितले. खोटी इनामे उघडकीस आणणे हा त्याचा उद्देश होता आणि काही खोटी सापडलीही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असूनही ज्यांचे कागद हरवले होते, त्यांनाही तोच नियम लागला. चोर आणि नोंद नसलेला सज्जन हे दोघे त्या टेबलासमोर सारखेच दिसत होते. दक्षिण महाराष्ट्रात त्यातून जी कटुता निर्माण झाली, तिची नोंद १८५७ च्या इतिहासात झाली आहे.

आपल्या धार जिल्ह्याने या बाबतीत एक वेगळा प्रयोग केला. १ जानेवारी २००० रोजी येथे ‘ज्ञानदूत’ हे जाळे सुरू झाले. गावोगावच्या सूचनालयांतून बाजारभाव, जमिनीच्या खसऱ्याच्या नकला, दाखल्यांचे अर्ज आणि तक्रारी थोड्या शुल्कात जिल्ह्याच्या ठिकाणी पोचू लागल्या. खर्चाचा भार मुख्यतः पंचायतींनी आणि लोकांनी उचलला. त्याच वर्षी स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. वीज, दूरध्वनीची जोडणी आणि कचेऱ्यांचा प्रतिसाद यांतील उणिवा पुढे अभ्यासकांनी दाखवल्या, त्याही खऱ्या होत्या. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ते जिल्ह्याचे अंतर्गत जाळे होते. सूचनालय कोणते, सूचक कोण, हे जिल्ह्याला आधीच ठाऊक होते. तक्रार करणाऱ्याला आपले ठिकाण परक्यासमोर सिद्ध करावे लागत नव्हते. बाहेरच्या जगात तशी सोय नाही.

डही हे जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यातील गाव. कुक्षीच्या पलीकडचा, नर्मदेच्या जवळचा, भिल्ल बांधवांच्या वस्तीचा हा मुलूख. घरात भिली, बाजारात निमाडी, कचेरीत हिंदी, आणि संस्थानी काळात दरबारात मराठी. या भाषांच्या संगमावर आपली शाळा उभी आहे. येथून एखादी संस्था स्वतःच्या सर्व्हरवरून पत्र पाठवू लागली, तर तिचा क्रमांक दूरच्या शहरातील कंपनीच्या नावाने लागलेला असण्याचा संभव मोठा. पत्र खरे असेल, नाव खरे असेल, तरी जुळणी होणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या डाकसेवेचा आश्रय घेणे हा सोपा मार्ग आहे आणि बहुतेकांनी तोच धरला आहे. पण त्यामुळे ‘पत्र कोणाचे खरे’ हे ठरवण्याचा अधिकार थोड्या हातांत एकवटतो, याची जाणीव असावी.

तपासणी टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. तोतये खरे आहेत आणि आज त्यांची संख्या नानासाहेबांच्या किंवा माधवरावांच्या काळापेक्षा अगणित वाढली आहे. माझे म्हणणे एवढेच की तपासणी करणाऱ्याची काही कर्तव्ये आहेत. नाकारायचे तर कारण स्पष्ट शब्दांत कळवावे. पत्र मुकाट्याने केरात टाकू नये. शंका असेल तेथे ‘पुन्हा या’ म्हणावे. केवळ एका नोंदीच्या अभावावरून कोणाला चोर ठरवू नये. इतर पुरावेही पाहावेत. आणि जो क्रमांक देतो, त्याने त्या क्रमांकाची उलट नोंद मागताच करून द्यावी, कारण ती नोंद घेणाऱ्याची प्रतिष्ठा आहे. परमारांच्या काळी गावच्या पट्टकिलाला जे कळवले जात असे, तेच हे कळवणे होय.

येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण इंदूर, पुणे, मुंबई आणि त्याही पलीकडे संगणकाच्या क्षेत्रात काम करीत आहेत. कोणाच्या हाती दप्तर आहे, कोणाच्या हाती दार. त्यांना माझी विनंती अशी : आपल्या जुन्या शाळांच्या, ग्रंथालयांच्या, पंचायतींच्या नोंदी वर्षातून एकदा ताडून पाहा. क्रमांक बदलला असेल तर नोंद बदलून घ्या. आणि दारावर बसलेले असाल, तर नाव नसलेल्या पाहुण्याला परत लावण्यापूर्वी त्याचे दप्तर बंद आहे की त्याला दप्तरच कोणी दिलेले नाही, एवढे विचारा. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारल्यावर उत्तर आले नाही, तर आपले गुरुजन गैरहजेरी मांडण्यापूर्वी एकदा मान वर करून बाकाकडे पाहत असत. ती सवय आपण त्यांच्याकडून घ्यावी.